अवटू ग्रंथी आणि आमची अक्का

‘मला थायरॉईड आहे,’ असे कोणी सांगितले की पूर्वी मी लगेच ‘मलाही आहे’ म्हणत असे. समोरचा माणूस सहानुभूतीने माझ्याकडे पाही, ‘कितीची गोळी घेता?’ म्हणून विचारी, आणि मग मी शांतपणे सांगे, ‘गोळी कसली? थायरॉईड हा रोग नाही, अवयव आहे. तो तुम्हाला आहे, मला आहे, त्या रिक्षावाल्यालाही आहे. उद्या तुम्ही मला यकृत आहे म्हणून सांगाल!’ यानंतर तो माणूस माझ्याशी पुन्हा कधी प्रकृतीविषयी बोलत नसे. किंबहुना कशाविषयीच बोलत नसे. शिरूरमध्ये माझ्याशी न बोलणारी जी पंधरा-वीस माणसे आहेत, त्यांतली निम्मी थायरॉईडमुळे गेली आणि उरलेली शुद्धलेखनामुळे.

तेहेतीस वर्षे मी शिरूरच्या एका शाळेत शास्त्र शिकवले. शिरूर म्हणजे आमचे घोडनदी. गावाचे हे जुने नाव म्हातारी माणसे अजून सोडत नाहीत. इथे इंग्रजांची छावणी होती, तीत घोडदळही होते. त्यावरून ‘इंग्रजांचे घोडे पाणी प्यायचे म्हणून नदीचे नाव घोड पडले’ असे एका मुलाने उत्तरपत्रिकेत लिहिले होते. इंग्रज यायच्या आधी ही नदी काय बिननावाची वाहत होती काय, असा लाल शाईतला प्रश्न मी समासात लिहिला. असे प्रश्न लिहिण्यातच माझी लाल शाई संपली.

शास्त्रातसुद्धा माझा खरा जीव होता तो मराठी परिभाषेवर. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी सरकारचे भाषा संचालनालय निघाले, आणि मग विद्वानांनी एकेका इंग्रजी शब्दाला पाटावर बसवून त्याची मुंज लावली. या मुंजी लागलेल्या बटूंना वर्गात आणून बसवण्याचे काम आम्हा मास्तरांकडे आले. त्यातही अंतःस्रावी ग्रंथींचा धडा हा माझा सगळ्यांत आवडता. हा धडा शिकवायला लागलो की मला अंगात वारे संचारल्यासारखे होई. मुलांना मात्र झोप येई.

आता ‘संप्रेरक’ हाच शब्द घ्या. हॉर्मोन हा शब्द चलनात आणला तो इंग्लंडमधल्या स्टार्लिंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने, १९०५ साली, एका व्याख्यानात. त्याच्या आधी तीन वर्षे त्याने आणि बेलिसने सिक्रिटिन नावाचे पहिले संप्रेरक शोधून ठेवले होते; पण वस्तू सापडली तरी तिचे बारसे व्हायचे होते. चेतवणे, हलवून जागे करणे अशा अर्थाचा एक ग्रीक धातू त्याने त्यासाठी निवडला. आपल्या पंडितांनी त्याचे ‘संप्रेरक’ केले. अर्थ कसा चोख बसला! पण ‘संप्रेरक’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर गॅदरिंगचा प्रमुख पाहुणा उभा राही. तोही प्रेरणा देतो आणि त्यानेही झोप येते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाकीच्या बऱ्याच ग्रंथी हिच्या हुकमात. साहेब तिला पिट्युटरी म्हणतो. लॅटिनमध्ये ‘पिट्युइटा’ म्हणजे कफ. स्वच्छ मराठीत सांगायचे तर शेंबूड. मेंदूतला कफ या ग्रंथीतून गाळून नाकात उतरतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती, म्हणून हे नाव. आपल्याकडे तिला काही जण पोष ग्रंथी म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकात ती पीयूषिका झाली. पीयूष म्हणजे अमृत. साहेबाने जिला शेंबडी म्हणून हाक मारली, तिला आम्ही अमृतमयी केले. मराठी माणसाने इंग्रजाचा घेतलेला याहून गोड सूड माझ्या माहितीत नाही.

मूत्रपिंड म्हणजे वृक्क, आणि त्याच्यावर टोपीसारखी बसते ती अधिवृक्क ग्रंथी. हा शब्द तर भूमितीसारखा नेमका. पण दरवर्षी पाच-सहा मुले ‘अधिवृक्ष’ लिहीत आणि ती ग्रंथी झाडावर जाऊन बसे. स्वादुपिंडाला आमच्या वाईच्या विश्वकोशाने १९७६ च्या पहिल्या खंडात ‘अग्निपिंड’ म्हटले आहे. स्वादुपिंड म्हटले की मिठाईच्या दुकानातली वस्तू वाटते आणि अग्निपिंड म्हटले की ज्वालामुखी. आणि दोन्ही नावांनी ती बिघडली की साखरच होते. या पिंडात पेशींचे लहान लहान पुंजके असतात. ते १८६९ साली लँगरहान्स नावाच्या तरुण जर्मनाने पाहिले. ती त्याच्या नावाची ‘बेटे’ ठरली, आणि लॅटिनमध्ये बेटाला ‘इन्सुला’ म्हणतात म्हणून त्या बेटांवरचा माल तो इन्सुलिन. एवढे सांगेपर्यंत तास संपायची घंटा होई.

छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. लहानपणी मोठी असते आणि वयात आल्यावर ती हळूहळू झडत जाते. म्हणून तिला ‘यौवनलोपी’ म्हणतात. ‘यौवनलोपी ग्रंथी कुठे असते?’ असे मी एकदा तोंडी परीक्षेत विचारले, तर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, शाळेत.’ मी त्याला वर्गाबाहेर उभा केला. बाहेर गेल्यावर मीही हसलो, पण ते त्याला कळू दिले नाही.

आणि या सगळ्यांची राणी म्हणजे अवटू ग्रंथी! थायरॉईड! गळ्यात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला मिठी मारून बसलेली; आकार फुलपाखराचा, वजन पंधरा-वीस ग्रॅम. टॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरने १६५६ साली तिचे नाव ग्रीक ढालीवरून ठेवले. आपल्याकडे तिची अवटू झाली. ही अवटू ह्रस्व लिहायची की दीर्घ, यावर मी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. शब्दाच्या शेवटी येणारा उकार मराठीत दीर्घ, हा नियम. त्यामुळे ‘अवटु’ असे ह्रस्व लिहिणाऱ्याचा मी अर्धा मार्क कापत असे. पुस्तकातच ह्रस्व छापले आहे असे मुले दाखवीत. मी पुस्तकाचाही अर्धा मार्क कापी.

या ग्रंथीचा स्राव कमी पडला तर काय होते, ते माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाढ्यासारखे पाठ असे. थकवा येतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही, कातडी कोरडी पडते, केस गळतात, बद्धकोष्ठ होतो, आवाज घोगरा होतो, नाडी मंदावते, विसरायला होते. एकूण नऊ लक्षणे. दोन विसरला तर एक मार्क गेला. तेहेतीस वर्षे मी ही नऊ लक्षणे फळ्यावर लिहिली. हिशेब केला तर एवढ्या खडूत शिरूरची नगरपालिका रंगवून झाली असती.

आता आमच्या अक्काकडे वळतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दौंडला दिलेली. दाजी रेल्वेत गार्ड होते. दौंड हे गावच रेल्वेचे. जुन्या इंग्रजी कागदांवर ‘धोंड’ म्हणून त्याचे नाव दिसते. एका अंगाला पुणे, एका अंगाला सोलापूर, तिसऱ्या अंगाला मनमाड आणि चौथ्या अंगाला बारामती, असे चारी बाजूंनी रूळ येऊन गावाला मिळतात. पुण्याहून मनमाडकडे जायच्या गाडीचे इंजिन इथे पूर्वी तोडावे लागे आणि उलट्या टोकाला जोडावे लागे. मग अर्धे डबे सुखावत आणि अर्ध्या डब्यांतली माणसे ‘गाडी परत पुण्याला निघाली’ म्हणून ओरडत. तेवढ्या वेळात फलाटावरचे चहावाले संसार चालवीत. आता कॉर्ड लाइन झाली आणि बऱ्याच गाड्या बाहेरच्या बाहेर जाऊ लागल्या. दाजींनी ती गोष्ट अजून मनाला लावून घेतली आहे.

आमची अक्का तरुणपणी मेल गाडी होती. पहाटे चारला उठून तीन-चार घरांचे पापड लाटून देणारी, दाजींची ड्युटी रात्री दोनला सुटली तरी गरम भाकरी वाढणारी, भीमेच्या पलीकडच्या सिद्धटेकला चालत जाऊन येणारी बाई. साठीच्या अलीकडे-पलीकडे तिची पॅसेंजर झाली. बसली की उठेना. बोलता बोलता पेंगायची. चहात मीठ घालायची. अंगाने सुटली. फोनवरचा तिचा आवाज इतका घोगरा झाला की मी दोनदा ‘नमस्कार दाजी’ म्हणून सुरुवात केली. आणि दौंडच्या वैशाखात, जिथे भीमेतले दगड तापून तडकतात तिथे, ही बाई स्वेटर घालून पंख्यापासून दूर बसायची.

सगळे म्हणाले, अक्का आळशी झाली. सून आली ना घरात! दाजी म्हणायचे, ‘आमची पॅसेंजर आउटरला उभी आहे, सिग्नल मिळेना.’ आम्ही हसायचो. अक्काही हसायची. दिवाळीला, भाऊबिजेला, कोणाच्या लग्नात, जिथे जमू तिथे अक्काच्या आळसावर दोन विनोद झाल्याशिवाय पंगत उठत नसे.

आणि मी तर त्याच्याही पुढची मजल मारली. २०१८ साली एका दिवाळी अंकात मी ‘आमची अक्का : एक संथ वाहणारी नदी’ या नावाचा विनोदी लेख लिहिला. तो लोकांना आवडला. पत्रे आली. त्या लेखात अक्काचा थकवा होता, स्वेटर होता, घोगरा आवाज होता, चहातले मीठ होते, गळणारे केस होते. पुढे एकदा मी तो लेख काढून मोजले. नऊपैकी सात लक्षणे मी स्वतःच्या हाताने, खुसखुशीत भाषेत, लिहून ठेवली होती. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिकेत एवढी लिहिली असती आणि खाली रोगाचे नाव लिहिले नसते, तर मी त्याला भोपळा दिला असता.

२०२२ च्या एप्रिलात मी दौंडला गेलो. शिरूरहून न्हावरे, न्हावऱ्याहून चौफुला, तिथून पाटस आणि मग दौंड, असा दोन गाड्या बदलून. अक्काचे गुडघे दुखत होते म्हणून मी म्हटले, चल, डॉक्टरला दाखवू. नव्याने दवाखाना काढलेला एक डॉक्टर जवळच होता. आत गेलो तर तो खुर्चीतून उठून माझ्या पाया पडला.

‘सर, ओळखलं नाही? यौवनलोपी!’

तोच तो, शेवटच्या बाकावरचा. त्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, या पेचात मी ‘बस… बसा’ असे काहीतरी म्हणालो. तेवढ्यात अक्काने आपल्या गुडघ्याचे गाऱ्हाणे सुरू केले. पण या पठ्ठ्याचे लक्ष गुडघ्याकडे नव्हतेच. तो तिचा आवाज ऐकत होता, स्वेटरकडे पाहत होता. ‘मावशी, थंडी वाजते का हो?’ म्हणाला. नाडी मोजली. गळा चाचपला. एक छोटा रबरी हातोडा घेऊन टाचेच्या वरच्या शिरेवर टकटक केले. पाऊल हलले, पण जागेवर यायला त्याने इतका वेळ घेतला की जणू त्यालाही सिग्नल मिळत नव्हता. डॉक्टरने रक्त तपासायला पाठवले आणि माझ्याकडे पाहून नुसता हसला. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी गुडघ्याच्या तेलाविषयी विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी मी शिरूरला परतलो आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘सर, मावशींचा टीएसएच साठच्या वर आहे. साधारण चार-पाचपर्यंत असायला हवा. अवटू ग्रंथी. दीर्घ.’

मी खाली बसलो. फळा, खडू, नऊ लक्षणे, सगळे डोळ्यांपुढून गेले. पण मास्तर तो मास्तर! धक्क्यातही परिभाषा सुटत नाही. मी लगेच दाजींना फोन लावला.

‘दाजी, रिपोर्ट आला. घाबरायचं काही कारण नाही.’ जगात या वाक्याइतके घाबरवणारे दुसरे वाक्य नाही.

‘काय निघालं, मास्तर?’

‘अवटू ग्रंथीचा दोष आहे. गळ्याशी असते ती.’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग दाजी हळूच म्हणाले, ‘ग्रंथी म्हणजे… गाठ का हो?’

‘शब्दार्थानं अगदी तसंच! ग्रंथी म्हणजे गाठच. संस्कृतात बघा, ग्रंथ आणि ग्रंथी हे दोन्ही शब्द एकाच…’

फोन बंद झाला. रेंज गेली असेल असे वाटून मी जेवायला बसलो.

सकाळी पहिल्या गाडीने दौंडला पोचलो तर अक्काच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. पाटसची नणंद, काष्टीचे चुलत दीर, केडगावचे व्याही, सगळे जमलेले. येताना कोणी शहाळी आणली होती, व्याह्यांनी गुळाची ढेप आणली होती. कोपऱ्यात एक म्हातारी शेजारणीला सांगत होती, ‘गळ्याची गाठ वाईटच. आमच्या मामंजींना सहा महिनेसुद्धा मिळाले नाहीत.’ दाजी भिंतीला टेकून बसले होते. आयुष्यभर हिरवे-तांबडे निशाण दाखवलेला तो माणूस हातातला रुमाल नुसता घडी घालत होता आणि उलगडत होता.

अक्का स्वयंपाकघरात होती. सुनेला फडताळापुढे उभी करून ती एकेका बरणीवर हात ठेवत होती. ‘ह्यात पापडखार. ह्यात तुझ्या सासऱ्यांचा ओवा, त्यांना जेवल्यावर लागतो. आणि हे बघ, मी विसरते म्हणून चिठ्ठ्या लावल्यात.’ प्रत्येक बरणीला खरोखरच चिठ्ठी होती. मी चाळीस वर्षे विनोद करत आलो आहे. पण त्या फडताळापुढे मला एक शब्द सुचला नाही.

मी ओरडून सांगितले, ‘अगं, गाठ नाही! थायरॉईड! तुला थायरॉईड आहे, थायरॉईड!’

घरात एकदम जीव आला. ‘हात्तिच्या! थायरॉईड होय? मलाही आहे की!’ पाटसची नणंद म्हणाली. ‘पंचाहत्तरची गोळी घेते मी.’ ‘मला पन्नासची,’ केडगावच्या विहीणबाई म्हणाल्या. तेहेतीस वर्षे ज्या वाक्यावर मी तुटून पडत होतो ते वाक्य मी स्वतः, बेंबीच्या देठापासून, तीनदा उच्चारले होते. आणि त्याच वाक्याने घरातली माणसे रडायची थांबली होती.

मग आम्ही चौदा जण दवाखान्यात गेलो. डॉक्टरने सगळ्यांना पाहिले, कंपाउंडरला बाके आणायला सांगितली आणि दाजींकडे वळून म्हणाला, ‘काका, तुम्ही रेल्वेतले ना? मग सोपं आहे. मेंदूखाली एक ग्रंथी असते, तिला कंट्रोल ऑफिस समजा. गळ्यातली थायरॉईड म्हणजे इंजिन. इंजिन चालायचं तर कंट्रोलकडून मेमो जातो. त्या मेमोचं नाव टीएसएच. इंजिन नीट चाललं तर कंट्रोल गप्प. इंजिन चालेना तर काय होतं?’

‘मेमोवर मेमो!’ दाजी ताठ बसले. ‘फोन खणखणत राहतो.’

‘बरोब्बर. मावशींचे साठ मेमो झालेत. म्हणजे आकडा मोठा, पण काम बंद. म्हणून टीएसएच जास्त, तेव्हा थायरॉईड कमी.’

हे उलटे गणित मुलांच्या डोक्यात शिरवताना मी वर्षानुवर्षे घसा फोडला होता. ‘अवटू-उद्दीपक संप्रेरकाचे ऋण प्रतिपोषण’ असे मी फळ्यावर लिहीत असे. दाजींना ते दीड मिनिटात समजले.

‘आणि इंजिन बंद कशानं पडलं?’ त्यांनी विचारले.

‘शरीराचे रखवालदार कधी कधी घरच्याच माणसाला चोर समजून बडवतात. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने १९१२ साली हे पहिल्यांदा वर्णन केलं. पूर्वी मिठात आयोडीन कमी, म्हणून गलगंड व्हायचे. त्यासाठी सरकारने १९६२ पासून मोहीमच काढली. आता आयोडीनचं मीठ आलं, तर हे दुसरं कारण जास्त दिसतं. आणि बायकांत फार.’

‘जपानी माणसाचा आजार मला दौंडात कसा झाला?’ अक्का म्हणाली. सगळे हसले. मग औषध. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, पन्नास मायक्रोग्रॅमची. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले फक्त पन्नास! थायरॉईडमधला हा अर्क, थायरॉक्सिन, केंडॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ च्या नाताळात पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती घेतला; आता तो कारखान्यात बनतो आणि चिमणीच्या चाऱ्याएवढ्या गोळीतून पोटात जातो.

‘म्हणजे ही गोळी कॉर्ड लाइन झाली!’ दाजी आनंदाने म्हणाले. ‘इंजिन तोडायला-जोडायला नको. बाहेरच्या बाहेर!’ कॉर्ड लाइनविषयी त्यांनी काढलेला हा पहिला चांगला उद्गार.

एवढा वेळ अक्का पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिने मान वर केली आणि तिच्या त्या घोगऱ्या आवाजात विचारले, ‘म्हणजे डॉक्टर, मी आळशी नव्हते ना?’

कोणी बोलेना.

‘नाही मावशी,’ डॉक्टर म्हणाला. ‘इंजिनात वाफच नव्हती. एवढी वर्षं गाडी ओढलीत कशी, हेच नवल.’

दाजी फरशीकडे पाहू लागले. मी भिंतीवरच्या शरीराच्या चित्राकडे पाहत राहिलो. त्यात अवटू ग्रंथी गुलाबी रंगात, ठळक, अगदी समोर काढलेली होती.

परतताना अक्का मला म्हणाली, ‘तुझा तो दिवाळी अंक मी ठेवलाय रे. छान लिहिलं होतंस. सगळे हसले. मीसुद्धा हसले. फक्त रात्री वाटायचं, मला जमत का नाही? लोकांना जमतं, मग मलाच का नाही?’ मी काही बोललो नाही. ती थोडी थांबून म्हणाली, ‘एवढं तोंड पाडू नकोस. तुला तरी काय माहीत?’

नेमके तेच तर मला माहीत होते.

घरी आल्यावर, काहीतरी करायचे म्हणून, मी अमरकोश उघडला. ‘अवटू’ या शब्दाचा मूळ अर्थ पाहावा म्हटले. अवटू म्हणजे मानेची मागची बाजू! समोर गळ्यात बसलेल्या ग्रंथीला मानगुटीचे नाव! तेहेतीस वर्षे मी ज्या शब्दाच्या उकारासाठी मुलांचे अर्धे अर्धे मार्क कापले, त्या शब्दाचा अर्थच मी कधी पाहिला नव्हता. लाल शाईचे पेन मी त्या दिवशी नातीला चित्र रंगवायला देऊन टाकले.

अक्काचे सांगायचे तर चमत्कार एका रात्रीत झाला नाही. पहिले काही दिवस तिची मुख्य तक्रार चहाची होती. गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास चहा घ्यायचा नाही, असा नियम. अक्का घड्याळासमोर बसून एकेक मिनिट दाजींना मोठ्याने सांगे. सहा-सात आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, गोळी वाढवली, पुन्हा तपासले. पहिल्यांदा स्वेटर गेला. मग आवाज परत आला. मग एके दिवशी पहाटे पाचला मला फोन आला, ‘पापड लाटायला घेतलेत, तुला किती देऊ?’ हल्ली दाजी कधी कधी खासगीत मला म्हणतात, ‘मास्तर, पॅसेंजरचे दिवस शांत होते हो!’ पण म्हणताना त्यांचे डोळे हसत असतात.

डॉक्टर भेटला तेव्हा मी त्याला म्हटले, ‘तुझे… तुमचे काही मार्क माझ्याकडे राहिलेत का?’ तो म्हणाला, ‘अर्धा, सर. सहामाहीला मी अवटु ह्रस्व लिहिलं होतं.’ मी खिशातून पेन काढले आणि त्याच्या औषधांच्या कागदावर ‘अर्धा मार्क वाढवला’ असे लिहून खाली सही केली. तो कागद त्याने काचेखाली ठेवला आहे.

हा लेख म्हणजे २०१८ च्या त्या लेखाचे शुद्धिपत्र समजावे. शुद्धिपत्रे कोणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे. पण अक्का वाचते, आणि तेवढे पुरे.

बाकी माझ्यात फारसा फरक नाही. फक्त कोणी ‘मला थायरॉईड आहे’ म्हणाले की मी आता विचारतो, ‘कितीची गोळी घेता? अनशापोटी ना? चहा लगेच घेत नाही ना?’ माणसे खुलून बोलतात. शिरूरमध्ये माझ्याशी न बोलणाऱ्यांत आता शुद्धलेखनामुळे गेलेले तेवढे उरले आहेत.